इंदूरचे मराठी लोक ‘चहा झाली का’, ‘आवाज आली’ असं का बोलतात? ही अशुद्ध मराठी आहे का?

अशुद्ध वगैरे काही नाही, हिंदीचा शेजार आहे. हिंदीत ‘चाय’ आणि ‘आवाज’ दोन्ही स्त्रीलिंगी. शाळेत, दुकानात दिवसभर तेच कानावर पडतं, मग घरच्या मराठीतही लिंग बदलतं. पण सगळेच काही तसं बोलत नाहीत. रामबागेतल्या एखाद्या घरात आजी विचारते, ‘चहा झाला का गं?’ आतून नात म्हणते, ‘हो, झाली.’ दोघींनाही काही खटकत नाही.

खरी गंमत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ची. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. हिंदीत दोन्हीला ‘हम’. त्यामुळे इथलं एखादं पोरगं ‘चल, आम्ही सराफ्यात (इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) जाऊ’ म्हणतं आणि पुण्याचा पाहुणा विचारात पडतो, मला नेणार की नाही! (नेतात हो.)

होळकरांची राजधानी 1818 मध्ये इंदूरला आली, मराठी कुटुंबं त्याआधीपासून येत होती. कुणी कोकणातलं, कुणी देशावरचं, कुणी खानदेशातलं. म्हणजे मुळात बोलीच वेगवेगळ्या. त्यात पुण्या-मुंबईची सून आली की घरातली मराठी पुन्हा थोडी सरकते. आणि समोर कोण आहे त्यावरही असतंच: गणेशोत्सवाच्या व्याख्यानात अगदी प्रमाण मराठी, बाहेर चपला घालताना ‘अरे भिया (म्हणजे भैया), थांब ना!’