नववी-दहावीच्या मुलांना सॅम्पलिंग, म्हणजे थोड्या नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज बांधणं, उपजत कळतं का, की शिकवावं लागतं? माझ्या मुलीसाठी विचारणं आहे.

कळतं. फक्त गणिताच्या तासाला कळत नाही.

बावीस वर्षं नववीला गणित शिकवतेय. एकदा कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ चा प्रश्न फळ्यावर लिहिला. मोठ्या हॉस्पिटलात रोज साधारण ४५ बाळं जन्मतात, छोट्यात १५. ६०% हून जास्त मुलगेच झाले, असे दिवस वर्षभरात कुठे जास्त? वर्ग एका सुरात, "दोन्हीकडे सारखेच!" (हसू नका, त्या दोघांनी विचारलेल्या ९५ कॉलेजवाल्यांपैकी ५३ जणांनी हेच सांगितलं होतं.)

वहीच्या मागच्या पानावर स्कोअर मांडणारं एक पोरगं शेवटच्या बाकावर असतंच. त्याला विचारलं, कसोटीत ब्रॅडमनची सरासरी ९९.९४, वेस्ट इंडीजच्या अँडी गँटोमची ११२. भारी कोण?

"गँटोम किती इनिंग खेळला?"

एक. १९४८ साली, तेवढीच.

"मग काय मॅडम! एका इनिंगमध्ये कुणीही काहीही करतं."

ते वाक्य मी तसंच फळ्यावरच्या हॉस्पिटलच्या प्रश्नाखाली लिहिलं. जरा वेळाने पुढच्या बाकावरून दबकत आवाज आला, "म्हणजे... छोटं हॉस्पिटल?" बरोबर. छोट्यात असे दिवस साधारण ५५, मोठ्यात २५ च्या आसपास. मग प्रत्येकाला दहादा नाणं उडवायला लावलं. एकीला आठ छापे पडले, तर बाकीचे म्हणे नाणंच खोटं. एवढ्यात शेजारच्या वर्गातून तक्रार आली आणि मला "आधी पोर्शन संपवा" ऐकावं लागलं.

तुमच्या मुलीचं म्हणाल, तर तिला क्लासचे फ्लेक्स वाचायला शिकवा. आमच्या जाऊबाईंनी थोरल्याला सहा मुलांच्या क्लासला घातलं, का तर "१००% निकाल". मी म्हटलं, सहातले दोन घसरले की ६७%, सर तेच आणि खोलीही तीच. तीनशे मुलांच्या क्लासचा आकडा असा उड्या मारत नाही. त्यावर "तुझं सगळं पुस्तकी."

आता खरं सांगायचं तर तो क्लास चाचणी घेऊनच मुलं घेतो, म्हणजे शीतसुद्धा वेचून काढलेलं. आणि क्रिकेट न बघणाऱ्या मुलांपुढे माझा गँटोम साफ आपटतो. त्यांना मोबाइल दाखवा: तीन जणांचे पाच स्टार, की चार हजार जणांचे ४.३? पटकन सांगतील.

जाऊबाईंनी धाकट्यालाही तिथेच घातलंय.