साताऱ्यात घडणाऱ्या मुलांच्या परीकथेत पऱ्यांखेरीज कोणते अद्भुत जीव घेता येतील?

परी हा शब्दच मुळात फारसी, तेव्हा पांढरा झगा आणि चांदणीची कांडी वगळलीत तरी कुणी रागावणार नाही. आपल्याकडे साती आसरा आहेत की! आसरा म्हणजे अप्सराच. डोहात, विहिरीत राहणाऱ्या सात बहिणी. आमच्या गावच्या डोहाकाठी शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्यांच्यापुढे ओल्या मातीत हिरव्या बांगड्या ठेवलेल्या असतात. आजी तिथं गेली की आवाज खाली आणायची. एवढं एक दृश्य नीट लिहिलंत तरी पहिलं प्रकरण उभं राहील.

दुसरा चकवा. रात्री शेतात गाठतो आणि पहाटेपर्यंत त्याच बाभळीपाशी फिरवून आणतो. मुलांना हा फार आवडतो, कारण तो मारत नाही, नुसता खोड्या काढतो. मुंजा पिंपळावर असतोच. पण त्याच्यावर इतकं लिहून झालंय की मी टाळीन.

आणि कासचं फुलांचं पठार विसरू नका. साताऱ्यापासून जेमतेम २५ किलोमीटर. तिथली सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं दिसायला गरीब, पण त्या झाडाच्या जमिनीलगतच्या बारीक पिशव्या चिमुकले जीव गिळतात. दवबिंदू नावाचं झाड तर चिकट थेंबांवर किडे धरतं. हे खरं आहे, जादू तुम्ही फक्त बोटभर उंचीच्या नायिकेच्या नजरेनं दाखवायची! सप्टेंबरात एकदा स्वतः जाऊन या, मात्र शनिवार-रविवार सोडून.