राजपत्र हातात आलं, पण मुलाचं आडनाव बदललं का?

मुलांच्या आडनावाबद्दलची पत्रं माझ्याकडे वर्षातून दोनदा गठ्ठ्याने येतात. एकदा जूनमध्ये, शाळा बदलताना. आणि पुन्हा दहावीचे फॉर्म भरायच्या सुमाराला. या वेळच्या गठ्ठ्यातले पाच प्रश्न घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावगावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा आहे, माझ्याकडेच असतो. त्याला माझं माहेरचं आडनाव लावायचं आहे. सायबर कॅफेवाला म्हणतो, गॅझेट करून टाका, काम झालं. शाळा मात्र वडिलांची सही आणा म्हणते. खरं कोण?

शाळा. कॅफेवाला खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय.

गॅझेट म्हणजे महाराष्ट्र शासनाचं राजपत्र. नावबदलाचा अर्ज शासन मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन जातो. अल्पवयीन मुलासाठी तो पालक भरतो. मग एका गुरुवारी जुनं नाव, नवं नाव अशी ओळ छापून येते. पण त्याच सूचनांसोबत शासनाने आणखी एक वाक्य छापलेलं असतं : मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी आमची नाही. हे वाक्य कोणी वाचत नाही. राजपत्र ही दवंडी आहे, निवाडा नव्हे. आई-वडिलांचं एकमत असेल तर दवंडी पुरते. नसेल तर दवंडी पिटून वाद मिटत नाही, उलट समोरच्याला आयता पुरावा मिळतो.

आता वडिलांच्या सहीचं. मुलाचा ताबा आणि मुलाचं पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटस्फोटाने नवरा-बायकोचं नातं संपतं, बापाचं पालकत्व संपत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६च्या कलम ६मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलं आहे. या 'नंतर'चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच लावला जायचा. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेला आईची सही चालेना. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९मध्ये न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे 'गैरहजेरीत'. वडील मुलाकडे ढुंकून पाहत नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते. तुमच्या बाजूने सर्वात मोठा आधार हाच.

मात्र वडील खरोखर 'गैरहजर' आहेत का, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं नसतं. म्हणून आधी घटस्फोटाचा हुकूमनामा काढून नीट वाचा. त्यात आडनावाबद्दल काही असेल तर शाळेला तेच दाखवा. नसेल तर आधी वडिलांना रजिस्टर एडीने पत्र पाठवून संमती मागा. ती मिळाली तर प्रतिज्ञापत्रावर घ्या. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर कौटुंबिक न्यायालयात (जिल्ह्यात ते नसेल तर जिल्हा न्यायालयात) अर्ज करा. तिथे एकच कसोटी असते, मुलाचं हित. 'मला ते नाव नको वाटतं' हे तिथे चालत नाही. 'मुलगा माझ्या आडनावाच्या घरात वाढतोय, शाळेत रोज त्याला खुलासा करावा लागतो' हे चालतं. ज्यांचा संमतीने घटस्फोट आत्ता चालू आहे, त्यांनी संमतीच्या अटींतच मुलाच्या आडनावाचं एक कलम घालून घ्यावं. एका ओळीने पुढची दोन वर्षं वाचतात.

आडनाव बदललं तरी मधलं नाव बदलत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे 'याचा बाप कोण' याचं उत्तर. आडनाव हा पसंतीचा विषय होऊ शकतो, पितृत्व होत नाही. जन्मनोंदीतलं वडिलांचं नाव घटस्फोटामुळे पुसलं जात नाही. पासपोर्टवर मात्र डिसेंबर २०१६पासून फक्त एका पालकाचं नाव देण्याची सोय आहे.

आणि मुलाला विचारा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला आईने 'आता तू पाटील नाहीस, आपटे' असं सांगितलं होतं. त्याची काळजी निराळीच होती. हजेरी आडनावाच्या क्रमाने लागायची. इतके दिवस तो मागे मित्रांच्या घोळक्यात होता, आता नंबर एक होणार आणि पहिल्या बाकावर बाईंच्या पुढ्यात बसावं लागणार. आम्ही मोठ्यांनी तासभर कलमं काढली होती, त्यातलं त्याच्या कामाचं काहीच नव्हतं. शेवटी आईने बदल मेमध्ये करायचं ठरवलं.

प्रश्न : पहिले यजमान आजाराने गेले तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. आता ती सहा वर्षांची आहे. मी पुन्हा लग्न केलं. तिला नव्या घरचं आडनाव लावायचं म्हटलं तर पहिल्या सासरचे म्हणतात, आमच्या परवानगीशिवाय करता येणार नाही, कोर्टात जाऊ.

कोर्टात कोणीही जाऊ शकतं, पण परवानगी लागत नाही. जवळजवळ हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं : अकेला ललिता यांचं, निकाल २८ जुलै २०२२चा. बाळ अडीच महिन्यांचं असताना वडील गेले, आईने हवाई दलातल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं, आजी-आजोबा कोर्टात गेले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मूळ आडनाव परत लावायला सांगितलं, आणि कागदोपत्री खऱ्या वडिलांचं नाव लावता येत नसेल तिथे आईच्या पतीचा उल्लेख 'सावत्र वडील' असा करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केलं. मुलाच्या मनाचा विचार न करणारा, जवळपास क्रूर आदेश, असं त्याचं वर्णन केलं. वडील हयात नसताना आईच एकमेव नैसर्गिक पालक. आडनाव ठरवण्याचा आणि मूल दत्तक देण्याचाही अधिकार तिचा.

अर्जावर सही मात्र तुमचीच हवी, नव्या यजमानांची चालणार नाही. वर सांगितलेल्या पालकत्व कायद्याच्या कलम ६खाली स्पष्टच लिहिलं आहे की 'वडील' या शब्दात सावत्र वडील येत नाहीत.

फक्त आडनाव हवंय, की मधलं नावही? मधलं हवं असेल तर दत्तकविधान करावं लागेल : तुम्ही द्यायचं, यजमानांनी घ्यायचं, आणि दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवायचं. त्याआधी हिंदू दत्तक कायद्याच्या दोन अटी तपासा. पुरुषाने मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं. आणि यजमानांना आधीच्या लग्नाची मुलगी असेल तर या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही; मग बाल न्याय कायद्याखाली 'कारा'च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) मार्गाने जावं लागतं. एकदा झालेलं वैध दत्तकविधान रद्द करता येत नाही, तेव्हा घाईत उरकू नका.

सासरच्यांच्या धमकीमागे बहुधा जमीन असते, म्हणून तेही सांगते. आडनाव बदलल्याने वारसाहक्कावर ओरखडाही उठत नाही. दत्तक गेल्यावर जन्मघराशी कायद्याचं नातं तुटतं, पण वडिलांच्या मृत्यूने तिच्याकडे आधीच आलेला हिस्सा तिचाच राहतो (दत्तक कायद्याचं कलम १२). म्हणून दत्तकपत्राआधी सातबाऱ्यावर तिची वारसनोंद करून घ्या. आजी-आजोबांचं घर मात्र तिला तोडू नका. सुट्टीत चार दिवस जाऊ दे. अशा दाव्यांतला निम्मा राग नातवंड दिसेनासं होईल या भीतीचा असतो.

प्रश्न : मुलाच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत आडनाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याच. राजपत्र करावं लागेल का?

मराठीत आडनाव तेच असेल तर हा नावबदल नव्हे, दुरुस्ती आहे. जन्म जिथे नोंदला त्या निबंधकाकडे पालकांच्या कागदपत्रांसह अर्ज करा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५नुसार मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. आधी कोणतं स्पेलिंग कायम ठेवायचं ते ठरवा, नाहीतर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडेल. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि जन्म गोव्यातला असेल तर नावबदलाला तिथे १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. आपलं राजपत्र घेऊन तिथे जाऊ नका.

प्रश्न : आमचा आंतरजातीय विवाह. दोन महिन्यांच्या मुलीला दोघांपैकी कुणाचंच आडनाव लावायचं नाही. कायदा आड येईल का?

वडिलांचंच आडनाव लावा असा कायदा नाही. तुमची वेळ तर उत्तम आहे, कारण बदलण्यासारखं अजून काही लिहिलंच गेलेलं नाही. नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क नाव भरता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. शेवटचा रकाना कोरा ठेवाल तर प्रत्येक ऑनलाइन फॉर्म तिथे अडेल, तेव्हा तिथे काहीतरी भरा. आईचं नाव आडनाव म्हणून लावणारी मुलं आता प्रत्येक शाळेत दिसतात.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न पुढे येईलच. आडनावाने जात मिळत नाही आणि जातही नाही. आंतरजातीय दांपत्याच्या मुलाची जात तो कसा वाढला यावर, पुराव्याने ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये सांगितलं. जात पडताळणी समिती आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले मागेल आणि तिथे आडनाव वेगळं दिसेल. ही साखळी जोडणारी कागदं आतापासून एका फाइलीत ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेत तिच्या आईने मला न विचारता आडनाव बदललं. मी पोटगी बंद करू शकतो का?

नाही. पोटगी हे आडनावाचं भाडं नव्हे. बंद केलीत तर वसुलीचा अर्ज येईल, आणि आडनावाच्या मुद्द्यावर तुमची बाजू तिथेच पडेल.

तुमची तक्रार मात्र पोकळ नाही. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या : जनरल रजिस्टरमधला (म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीतला) बदल कोणत्या कागदावर झाला, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी होती का? नसेल तर तो बदल टिकणार नाही. दाद कौटुंबिक न्यायालयात मागता येते. पण जाण्याआधी एक ऐका. २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक वडील असेच आले होते. न्यायालय म्हणालं, बाप मुलीचा मालक नाही. ती तिच्या आडनावावर खूश असेल तर तुमची अडचण काय? तुमच्या मुलीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ती बारा-तेराची असेल तर न्यायाधीश तिलाच चेंबरमध्ये बोलावून विचारतील.

नववीत असेल तर दोघांनाही घाई करावी लागेल. माध्यमिक शाळा संहितेनुसार रजिस्टरमधला नावबदल मूल त्या शाळेत शिकत असतानाच होतो. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर उघड चूक सोडली तर फारसं काही करता येत नाही. आणि बोर्डाचा फॉर्म त्याच रजिस्टरवरून भरला जातो. तेव्हा भांडण असेल तर ते नववीच्या उन्हाळ्यात संपवा. नाहीच संपलं, तर आहे ते नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जाऊ द्या. अठरा पूर्ण झाल्यावर ती स्वतःच्या सहीने हवं ते करेल, आणि तेव्हा तुम्हा दोघांपैकी कुणाचीच संमती कोणी मागणार नाही.