संस्थानांच्या वेगवेगळ्या रुपयांचा दर कोण ठरवत असे?

तुम्ही विचारलंय की प्रत्येक राज्याचा रुपया वेगळा असताना लोक तो बदलून कसे घेत, आणि दर कोण ठरवी. मी नागपूरचा, जुनी नाणी जमवतो, म्हणून इकडच्याच उदाहरणावरून सांगतो.

दर ठरे चांदीवरून. राजाच्या नावाला सराफाकडे फारशी किंमत नव्हती. मराठ्यांच्या कित्येक टांकसाळी तर दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने रुपये पाडत. सराफ बघे ते वजन, कस, झीज आणि तो रुपया आपल्या बाजारात चालतो की नाही. त्यावरून जी रक्कम कापली जाई तो बट्टा. नाणं चोख असलं तरी परमुलखातलं म्हणून बट्टा बसेच, कारण ते खपवायची किंवा वितळवायची जबाबदारी सराफावर येई.

विदर्भातून पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलं की निजामाचा हाली शिक्का, म्हणजे हैदराबाद संस्थानचा रुपया सुरू व्हायचा, आणि नदीच्या या बाजूला इंग्रजांचा कलदार रुपया. विसाव्या शतकातला हाली रुपया सुमारे 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी 9.14 ग्रॅम. कलदार 11.66 ग्रॅमचा, चांदी 91.7 टक्के, म्हणजे 10.69 ग्रॅम. आता भागून बघा. सात हालीत जेवढी चांदी, जवळजवळ तेवढीच सहा कलदारांत. आणि ठरलेला दरही तोच होता: 100 कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली (रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै). हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मोठे व्यापारी रोकड घेऊन हिंडतच नसत. ते हुंडी लिहीत, दुसऱ्या शहरातली पेढी ती वटवी, आणि बट्टा, वाटेची जोखीम, पैशाची टंचाई हे सगळं हुंडावणीत, म्हणजे हुंडीवर कापल्या जाणाऱ्या रकमेत धरलेलं असे. खरा मार बसे शेतकऱ्याला. माल विकून हाती येई एक नाणं आणि शेतसारा भरायचा दुसऱ्या शिक्क्यात. हप्त्याच्या वेळी सगळ्यांना तोच शिक्का हवा, म्हणजे बट्टा नेमका तेव्हाच चढे. दुष्काळाबद्दल जेवढं लिहिलं गेलं तेवढं या लुटीबद्दल लिहिलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा एकच रुपया ठरवला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं आणि इथेही पुढे तोच रुपया सरकारी ठरला. तरी कोणालाही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेता येत, त्यामुळे रुपया चांदीला बांधलेलाच राहिला. 1893 मध्ये सरकारने ती सोय बंद केली. पुढे पौंडाला 15 रुपये हा दर आला तो सरकारच्या निर्णयाने, आणि सराफाच्या काट्याचा त्याच्याशी काही संबंध उरला नाही.