वाचक विचारतात : टपाली बुद्धिबळ आणि 'तू काहीही खेळ'

प्रश्न : मी सांगलीत, मावसभाऊ मस्कतला. ई-मेलने डाव चालतो, एका चालीला तीन दिवस. त्याचं रेटिंग १७००, माझं १३००. सहाही डाव हरलो. शेवटच्या डावात त्याची २२२३ ही चाल आली (आम्ही चाली आकड्यांत लिहितो). मी ७७७६ पाठवली आणि वेळ वाचावा म्हणून सोबत लिहिलं, 'तू काहीही खेळ, माझी पुढची ६८७७.' हत्तीच गेला. लढत जरा बरोबरीची कशी होईल?

उत्तर : एलो या रेटिंगच्या पद्धतीच्या हिशेबात ४०० गुणांचा फरक म्हणजे दहा डावांत तुमच्याकडे जेमतेम एक गुण. त्यामुळे सहा पराभवांचं नवल नाही, पण हत्ती तुम्ही हाताने दिलात. आकडी पद्धतीत पहिले दोन आकडे निघायच्या घराचे, पुढचे दोन पोहोचायच्या; प्रत्येक जोडीत आधी उभ्या रांगेचा आकडा, मग आडव्या रांगेचा, दोन्ही पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेले. २२२३ ने पांढऱ्या उंटाची वाट मोकळी झाली, ७७७६ ने तुमच्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंतचा तिरपा रस्ता. त्याने ३१२२ खेळून उंट त्या रस्त्यावर आणला. आता ६८७७ म्हणजे जोर नसलेला उंट त्याच्या तोंडात. २२७७ ने तो मारला, आणि हत्तीला हलायला घरच नाही : बाजूला घोडा, पुढे प्यादं.

सशर्त चाल पाठवायचीच तर समोरच्याची नेमकी चाल लिहून पाठवा : '३१२२ आली तर ७८६६.' दुसरं काही आलं तर अट आपोआप रद्द. 'काहीही' हा शब्द मात्र कधीच नको.

या डावासाठी एक पट कायम मांडलेला ठेवा, विचार दुसऱ्या पटावर करा. एकाच पटावर दोन्ही केलं की एखादं प्यादं चुकीच्या घरात राहतं आणि चार दिवस कळत नाही. चाल कागदावर लिहून रात्रभर ठेवा. सकाळी त्याचे शह, त्याचे मार, मग धमक्या पाहा. पाठवण्यापूर्वी आकडे पुन्हा वाचा. ५२५४ ऐवजी ५२५३ गेलं तर तीही कायदेशीर चाल आहे, परत घेता येत नाही.

सवलत म्हणून त्याने घोडा काढून खेळावं, हे आम्हाला पटत नाही. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं निरुपयोगी होतात. त्यापेक्षा त्याला दोन दिवस, तुम्हाला पाच; पुस्तकं फक्त तुम्हाला. इंजिनाचं, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रॅमचं, आधीच लेखी ठरवा. आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत ते चालतं, त्यामुळे न बोलता गृहीत धरलं की भांडण ठरलेलं.