दगडफेक थांबली, पुढे काय?

(दंगलीनंतरची वस्ती आणि तिथली तरुण मुलं या विषयावर ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.)

प्रश्न : आमच्या दोन गल्ल्यांमध्ये दगडफेक झाली, दुचाक्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली, हातात हात घालून फोटो निघाले. त्यानंतर काहीच नाही. इकडचे लोक तिकडच्या दुकानातून दूधसुद्धा घेत नाहीत. आम्ही रहिवाशांनी काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शांतता समितीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. सण तोंडावर आला किंवा वातावरण तापलं की ती बोलावतात. मंडळांचे अध्यक्ष, विश्वस्त, माजी नगरसेवक येतात आणि चहा घेऊन जातात. रात्री साडेअकराला कोपऱ्यावर कोणती पोरं उभी असतात, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. तुम्हाला हवी आहे ती मोहल्ला समिती, म्हणजे काहीही घडलेलं नसताना दर महिन्याला बसणारी.

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० आणि १९८४च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८च्या सुमारास तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी अशा समित्या बांधायला घेतल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईतली मोहल्ला समिती चळवळ त्यानंतर, १९९४ मध्ये, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तुमची गाडी मुंबईच्या रुळावर आहे. आधी घडलंय, आता बांधायचंय, त्यामुळे वेळ जास्त लागेल.

माणसं वीस पुरेत, दोन्हीकडची दहा-दहा. किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरचा एक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या दोघी-तिघी, शाळेतल्या बाई, आणि किमान सहा जण अठरा ते पंचवीस वयाचे. निवडणुकीला उभं राहू पाहणारा एकही नको, मग तो कितीही भला असो. बीट अंमलदाराला, म्हणजे तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, दर बैठकीला बोलवा, पण खुर्ची त्याच्याकडे देऊ नका. जागा शाळेचा वर्ग किंवा अंगणवाडी. देऊळ, मशीद, पक्षाचं कार्यालय नको. वेळ संध्याकाळी सहा. रात्री नऊची बैठक ठेवली की बायका येत नाहीत, आणि मग समिती पुन्हा त्याच चार पुरुषांची होते.

पहिल्या बैठकीत ‘सुरुवात कोणी केली’ हा विषय घेऊच नका. ते पोलीस आणि कोर्ट ठरवेल. त्याऐवजी दोन्ही गल्ल्यांनी आपापल्या घरी बसून दोन याद्या कराव्यात : आपलं काय नुकसान झालं, आणि आता कशाची भीती वाटते. या याद्या एकमेकांना वाचून दाखवायच्या, मध्ये कोणी बोलायचं नाही. भीतीच्या यादीत बहुतेकदा अगदी साध्या गोष्टी निघतात : बंद पथदिवा, क्लासवरून परतणाऱ्या मुली, सार्वजनिक नळावरची रांग.

मग काम हाती घ्या, आणि पहिलं काम राडारोड्याचं. दुरुस्तीनंतर टाकलेले विटांचे तुकडे, फरशा, पेव्हर ब्लॉक दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी पडलेले असतात आणि दगडफेकीचा माल तिथूनच येतो. प्रभाग समिती कार्यालयात (नवी मुंबईत असाल तर विभाग कार्यालयात) दोन्ही गल्ल्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या, पोच घ्या, आणि पाठपुराव्याला दोन्हीकडचा एकेक तरुण एकत्र पाठवा. दुसरा अर्ज पथदिव्यांचा. महापालिकेच्या बाकावर तासभर शेजारी बसून होणारी ओळख फोटोतल्या हस्तांदोलनाने होत नाही.

ज्याची गाडी जळली त्याला मात्र आधी भरपाईचं बघू द्या. तोवर त्याला बैठकीत ओढू नका. गाडीची विमा पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर दंगलीतलं नुकसान तिच्यात येतं, फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. एफआयआरची प्रत, पंचनामा आणि फोटो हवेत. विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी हलवू किंवा दुरुस्त करू नये. घाईने गॅरेजमध्ये दिलेल्या गाडीचे दावे अडकतात.

हे बिघडतं ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कारण सगळं शांत झालेलं असतं आणि ‘आता कशाला बसायचं’ असं वाटू लागतं. इंग्लंडमध्ये २००१ साली ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. त्यानंतर टेड कँटल यांच्या अहवालाने नोंदवलं की तिथले समाज शेजारी राहूनही समांतर आयुष्य जगत होते. शाळा वेगळ्या, कामाच्या जागा वेगळ्या, देवळं-मशिदी तर वेगळ्याच. आपल्या गल्ल्या त्याहून फार निराळ्या नाहीत. म्हणून अजेंड्यावर कायम एक तरी नागरी काम ठेवा, म्हणजे बसायला कारण राहतं.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत आहे. तो व्हिडिओत दिसतो म्हणून गुन्ह्यात नाव आलं. नातेवाईक म्हणतात, गावी पाठवा. त्याला पोलीस भरतीला जायचं होतं. सगळं संपलं का?
– एक आई, कळवा

उत्तर : ताई, गावी अजिबात पाठवू नका. उद्या ‘फरार’ असा शेरा लागला तर साधं प्रकरण अवघड होतं. त्याच्या मोबाइलमधले व्हिडिओ-मेसेजही पुसू नका. पुसलेलं सापडतं आणि पुरावा नष्ट केला असा अर्थ निघतो.

वयाचा पुरावा आजच काढून ठेवा : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. घटनेच्या दिवशीचं वय धरतात. अठराच्या आत असेल तर त्याचं प्रकरण २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याला बेडी घालता येत नाही, कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. बोलायचं ते त्याच्याशी. मुलाचं नाव किंवा फोटो छापणं, फिरवणं हाही गुन्हा आहे, हे तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सांगायला हरकत नाही.

भरतीचं म्हणाल, तर बाल न्याय मंडळाने दोषी ठरवलं तरी त्यामुळे पुढे कोणती अपात्रता येत नाही, अशी कलम २४ची तरतूद आहे. खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवलं, तर ही सवलत राहत नाही. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात मात्र जे विचारलंय त्याचं उत्तर वकिलाला दाखवूनच लिहा. लपवलेली गोष्ट नंतर निघाली तर मूळ प्रकरणापेक्षा तीच जास्त नडते. वकिलाची फी परवडत नसेल, तर मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि त्याचं कॉलेज एक दिवसही बुडू देऊ नका. केस झाल्यावर घरात बसलेल्या मुलाला बोलवायला येतात ती नेमकी तीच मंडळी.

प्रश्न : दोन्ही वस्त्यांना जवळ आणायला आमच्या मंडळाने क्रिकेटचा ‘एकता चषक’ भरवला. फायनलला एका धावेवरून राडा झाला, आता पूर्वीपेक्षा वाईट आहे. चुकलं कुठे?
– एक कार्यकर्ता, घणसोली

उत्तर : ती वस्ती विरुद्ध ही वस्ती अशा टीम पाडल्यात, तिथेच. दंगलीतल्याच दोन बाजू तुम्ही मैदानात आणल्या आणि वर स्कोअरबोर्ड लावला. उत्तर प्रदेशात मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने धर्माच्या नव्हे, जातींच्या अंगाने हेच क्रिकेट तपासलं : मिश्र संघात एकत्र खेळलेल्या तरुणांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली, समोरासमोर प्रतिस्पर्धी म्हणून खेळल्याने तो फायदा झाला नाही.

पुन्हा भरवा, पण असं. सहा संघ, प्रत्येकी आठ खेळाडू आणि दोन राखीव, म्हणजे साठ मुलं, दोन्हीकडची तीस-तीस. दोन्ही वस्त्यांचे चांगले, मध्यम, नवखे अशा चिठ्ठ्यांचे वेगवेगळे डबे करून सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा, म्हणजे प्रत्येक संघात निम्मे-निम्मे येतील. कप्तान एका वस्तीचा, तर उपकप्तान दुसऱ्या वस्तीचा. बॉल टेनिसचा, सामना आठ षटकांचा आणि प्रत्येकाला एक षटक टाकायचंच. हा नियम नसेल तर मिश्र संघातही दोन टोळ्या पडतात आणि एका बाजूची मुलं फक्त फिल्डिंग करत राहतात. टी-शर्ट भगवा, हिरवा, निळा सोडून कोणताही.

नॉकआउट नको, साखळी ठेवा. सहा संघांचे पंधरा सामने होतात. रविवारी सकाळी तीन, म्हणजे पाच रविवार, आणि सहाव्या रविवारी फायनल. हरलेला संघ पहिल्याच दिवशी घरी जात नाही. त्याआधी किमान चार सराव ठेवा, कारण खरी ओळख सरावात आणि नंतरच्या वडापावच्या गाडीवर होते. पंच तिसऱ्याच भागातला आणि मानधन देऊन आणलेला. रोख बक्षीस नको. रोख आली की बाहेरून खेळाडू येतात आणि पैजा लागतात. इच्छुकांचे बॅनरही नकोत.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. इराकमध्ये साल्मा मौसा या संशोधिकेने ख्रिश्चन खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू मिसळले. ती मुलं पुढच्या मोसमातही मिश्र संघात खेळायला तयार झाली, पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत, वागण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणून फायनलच्या दुसऱ्या दिवशीचं काम आधीच ठरलेलं असावं. आपल्याकडे त्यासाठी सर्वांत चालणारी गोष्ट म्हणजे पोलीस भरतीचा सराव. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर. पहाटे साडेपाचला एकच मैदान, एकच स्टॉपवॉच, आणि संध्याकाळी लेखी परीक्षेची एकत्र अभ्यासिका. मुली क्रिकेटपेक्षा इथे जास्त येतात. शिवाय अंगावर गुन्हा घेतल्याने काय जातं, हे भाषण न देता कळतं.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अफवा आली की काय करायचं?
– एक सेक्रेटरी, कोपरखैरणे

उत्तर : चार तरुण नेमा, दोन्ही बाजूंचे दोन-दोन. मेसेज आला की ॲडमिनने ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर न्यायचा. चौघांपैकी जो त्या जागेच्या जवळ राहतो त्याने तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा : कुठे, किती वाजता, तुम्ही स्वतः पाहिलंत का? मग दोन ओळींचं उत्तर, वेळेसह, चौघांच्या नावाने. खोडून काढण्यासाठीसुद्धा मूळ व्हिडिओ पुन्हा टाकायचा नाही. खरंच काही चालू असेल तर ११२.

या चौघांचे आणि त्यांच्या ओळखीच्या माणसांचे नंबर कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. २५ जुलै २०१८ला बंददरम्यान कोपरखैरणे आणि कळंबोलीत हिंसाचार झाला तेव्हा इंटरनेट बंद केलं होतं. अशा वेळी अफवा फोनवरून चालू राहतात, खुलासा मात्र ग्रुपवर अडकतो.

प्रश्न : आमची मिरवणूक वर्षानुवर्षं ज्या रस्त्याने जाते, तिथेच यंदा तणाव आहे. मार्ग बदलावा का?
– मंडळाचा खजिनदार, ठाणे

उत्तर : मार्ग बदलण्याआधी वेळ आणि थांबे पाहा. ७ मे १९७०ची भिवंडीची दंगल मिरवणुकीतूनच भडकली होती, तेव्हा हा प्रश्न नवा नाही. तडजोड शक्य असते, हेही अलीकडेच दिसलं : २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला, २०२४ मध्ये तो विसर्जनानंतर, १८ सप्टेंबरला ठेवला गेला.

पंधरा दिवस आधी दोन्हीकडच्या पाच-पाच जणांनी तो रस्ता बीट अंमलदारासह पायी चालून पाहावा. धर्मस्थळाच्या दोन्ही बाजूंना पन्नास मीटर खडूने आखा. तिथे थांबायचं नाही, गुलाल उधळायचा नाही. तो टप्पा किती वाजेपर्यंत पार करायचा ते लिहून ठेवा. भांडण होतं ते बहुधा उशिरामुळे : ट्रक रखडतो, नमाजाची वेळ होते, किंवा रात्रीचे दहा वाजून जातात. उशीर झालाच तर तेवढा टप्पा वाद्यं बंद ठेवून जायचं, हे आधीच मान्य करून घ्या. गाण्यांची यादी ठरवा आणि पेनड्राइव्ह मंडळाच्या ताब्यात ठेवा. दोन्ही वस्त्यांचे दहा-दहा स्वयंसेवक दोरीवर हवेत, आणि ते दारू न घेतलेले असावेत हे वेगळं सांगायला नको. डीजेवाल्यालाही बैठकीला बसवा. अध्यक्षांनी दिलेला शब्द बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.