आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही फुटबॉल लीग असताना डुरंड कप, सुपर कप यांसारख्या बाद फेरीच्या स्पर्धांची गरज काय?

तुमचं म्हणणं असं की बाद फेरीत एखादा वाईट दिवस आला की चांगला संघ घरी जातो, मग खरा विजेता कळणार कसा? वर्षभरातला सगळ्यात चांगला संघ लीगच ठरवते, हे मला मान्य आहे. पण ज्यांना लीगमध्ये मोठ्यांसमोर उभं राहायलाच मिळत नाही, त्यांना कपात ती नव्वद मिनिटं मिळतात.

2025 चा डुरंड घ्या. डायमंड हार्बर हा 2022 मध्ये निघालेला क्लब, तेव्हा आयएसएलमध्ये नसलेला, डुरंडमध्ये पहिल्यांदाच उतरलेला. गटसाखळी पार करून तो उपांत्य फेरीत आला आणि तिथे त्यानं आयएसएलमधल्या ईस्ट बंगालला 2-1 नं हरवलं. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडनं त्याचा 6-1 असा धुव्वा उडवला, तरी ईस्ट बंगालवरचा तो विजय कोणी पुसू शकत नाही. खुद्द नॉर्थईस्टनं आपली पहिली ट्रॉफी आदल्याच वर्षी, याच कपात मिळवली होती. कोलकात्यात, मोहन बागानविरुद्ध 0-2 नं मागे पडून, शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये.

सुपर कपचा फायदा तर सरळ आहे. 2025 चा सुपर कप जिंकल्यामुळेच एफसी गोवाला आशियाई स्पर्धेचं दार उघडलं आणि सौदी अरेबियाच्या अल नासरसारखा संघ गोव्यात येऊन खेळला.

शिवाय खर्चाचं गणित आहे, आणि ते मी दर पावसाळ्यानंतर स्वतः मांडतो. घोडबंदर रोडला तासावर टर्फ घेऊन आम्ही मुलांची स्पर्धा भरवतो. गेल्या खेपेला 11 संघ आले. साखळी, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, खेळवायची तर 55 सामने. बाद फेरीत फक्त 10. पाच संघांना बाय दिला, म्हणजे पहिली फेरी न खेळवता थेट पुढे पाठवलं, आणि दोन रविवारांत स्पर्धा आटोपली. नाहीतर तेवढं भाडं आमच्या वर्गणीतून निघालंच नसतं.

पण मला कपाची ओढ लागली ती रोव्हर्स कपमुळे. 1891 पासूनची ही मुंबईची स्पर्धा. 1950 ते 54 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीसनं ती जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तो त्यांच्याच हाताखाली. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, कारखान्याच्या संघातून खेळायचे. नव्वदच्या दशकात ते मला ठाण्याहून लोकलनं व्हीटीला आणि तिथून हुतात्मा चौकातून चालत कूपरेज मैदानावर रोव्हर्सचे सामने बघायला न्यायचे. एकदा सामना शूटआउटला गेला. हरलेल्या संघाचा गोलकीपर खांबाला पाठ टेकून खाली बसला आणि एक एक करून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. लोक उठून निघाले होते. मीही उठलो, तर बाबांनी हात धरून मला परत बसवलं. तो उठून आत जाईपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. परतताना गाडीत ते म्हणाले, ‘‘याला आता वर्षभर वाट बघायची आहे रे.’’

2001 नंतर रोव्हर्स कप बंद पडला. याचं मला आजही वाईट वाटतं. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आता आपल्याकडे आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना तिथे झाला, 2022 मध्ये महिलांच्या आशियाई कपाचा आणि मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा, असे दोन अंतिम सामने झाले. तिथे रोव्हर्स पुन्हा सुरू झाला, तर आमच्या टर्फवरच्या त्या 11 संघांतल्या पोरांना घेऊन मी पहिल्याच सामन्याला जाणार.